गुरुवारची वीज आणि न उठलेला फायर पंप: सोळा मजली सोसायटीचे एक प्रकरण

पुण्यात गुरुवारी वीज जाते हे कोणाला सांगावे लागत नाही. महावितरण देखभालीची कामे त्या दिवशी काढते आणि सोसायट्यांचे जनरेटर सकाळपासून घरघरू लागतात. म्हणूनच विजेच्या फायर पंपाची खरी परीक्षा घ्यायला याहून चांगला दिवस नाही. तरीही सहामाही तपासणी बहुतेक ठिकाणी वीज असतानाच उरकली जाते. बटण दाबले, पंप फिरला, गेजचा काटा वर गेला, फोटो काढला, सही झाली.

या प्रकरणातली इमारत कुठली एक नाही. पुणे परिसरातल्या उंच निवासी इमारतींत वारंवार सापडणारी मांडणी आणि तिच्यातले नेहमीचे दोष इथे एका इमारतीत एकत्र केले आहेत. आकडे मात्र कोणालाही कागदावर पडताळता येतील असे आहेत.

मांडणी काय होती

इमारत तळमजला अधिक १६ मजले, उंची ४८ मीटर. जमिनीखाली आगीसाठी राखीव ७५,००० लिटरची टाकी, पंपघर पहिल्या तळघरात. पंप तीन. मुख्य विजेचा पंप मिनिटाला २,२८० लिटर आणि ९५ मीटर हेडचा (हेड म्हणजे पंप पाणी किती उंच ढकलू शकतो त्याचे माप), मोटर ७५ किलोवॅट, म्हणजे वायरमनच्या भाषेत १०० एचपी. त्याला जोड म्हणून तेवढ्याच क्षमतेचा डिझेल इंजिनवरचा पंप. पाइपातला दाब टिकवून ठेवायला मिनिटाला १८० लिटरचा जॉकी, मोटर ७.५ किलोवॅट. गच्चीवर दाब वाढवायला मिनिटाला ९०० लिटरचा बूस्टर पंप, ११ किलोवॅटचा.

९५ मीटर हेड कुठून आले तेही पाहू. ४८ मीटर उंची, सर्वात वरच्या हायड्रंटवर, म्हणजे आग विझवायचा पाइप जोडायच्या नळावर, ३.५ किलो दाब (चौरस सेंटिमीटरला) हवा म्हणून ३५ मीटर, पंपघर जमिनीखाली असल्याचे तीन-चार मीटर, उरलेले पाइप, बेंड आणि व्हॉल्व्हमधले घर्षण. ठरलेल्या प्रवाहाला पाण्याची निव्वळ ताकद सुमारे ३५ किलोवॅट लागते. पंपाची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर शाफ्टवर ५२. पण फायर पंपाने दीडपट प्रवाहही द्यायचा असतो, तोही ठरलेल्या हेडच्या ६५ टक्क्यांच्या खाली न जाता. तिथे कार्यक्षमता घसरते आणि शाफ्टवर ५८ किलोवॅटपर्यंत मागणी जाते. ५५ ची मोटर तिथे अपुरी पडते, म्हणून ७५.

प्रेशर स्विच असे लावलेले: जॉकी ९.५ किलोला चालू आणि १०.५ ला बंद, मुख्य विजेचा पंप ८.५ ला चालू, डिझेल पंप ७.५ ला चालू. मुख्य पंप आपोआप बंद होत नाहीत, हाताने बंद करायचे. हे सगळे बरोबरच होते.

जनरेटर १२५ केव्हीएचा (केव्हीए हे त्याच्या विद्युत क्षमतेचे माप), कुंपणालगत. त्यावर दोन लिफ्ट, जिन्यांचे आणि पार्किंगचे दिवे, वापराच्या पाण्याचे पंप, एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, ब्लोअर. फायर पंपही त्यावर असल्याचे बिल्डरने ताबा देताना दिलेल्या नकाशात दाखवले होते. प्रत्यक्षात मीटर रूममध्ये एक हाताने फिरवायचा चेंजओव्हर, म्हणजे महावितरण की जनरेटर हे निवडणारा स्विच, होता आणि तो कायम महावितरणच्या बाजूला असे. जॉकीला तर जनरेटरची वायरच गेली नव्हती.

त्या गुरुवारी काय झाले

जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यायचा होता. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे लायसन्सी एजन्सीकडून हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा घ्यायचे असते, जानेवारीत आणि जुलैत. या वेळी तपासणी वीज नसतानाच करायची असे ठरले. तळमजल्यावरचा एक हायड्रंट उघडला आणि दाब खाली आणला.

८.५ किलोला काहीच झाले नाही, कारण चेंजओव्हर महावितरणच्या बाजूला होता आणि तिकडे वीज नव्हती. ७.५ ला डिझेल पंप यायला हवा होता. तोही आला नाही, त्याच्या पॅनलचा सिलेक्टर ‘ऑफ’वर होता. मीटर रूमची किल्ली शोधण्यात चार मिनिटे गेली. मग इलेक्ट्रिशियनने चेंजओव्हर जनरेटरवर फिरवला.

विजेचा पंप स्टारमध्ये सुरू झाला. (मोठी मोटर आधी ‘स्टार’ जोडणीत कमी प्रवाहावर सुरू करतात आणि वेग आला की ‘डेल्टा’ जोडणीत पूर्ण ताकदीवर टाकतात.) जनरेटरचा आवाज जड झाला, पॅनलवर व्होल्टेज ४१५ वरून ३०० च्या आसपास आले, मोटर पूर्ण वेग घेईना. आठ सेकंदांनी टायमरने डेल्टात टाकले, व्होल्टेज आणखी कोसळले, कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारे चुंबकी स्विच, खडखडले आणि सुटले. दाब कमीच असल्यामुळे पॅनलने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या प्रयत्नात जनरेटरचा ब्रेकर पडला. दोन्ही लिफ्ट मजल्यांच्या मधे अडकल्या, एकीत माणसे होती.

म्हणजे कागदावर तीन आधार होते: महावितरण, जनरेटर, डिझेल पंप. पहिला त्या दिवशी नव्हता आणि उरलेले दोन आधार वेगवेगळ्या कारणांनी पडले.

डिझेल पंप ‘ऑफ’ का होता

याचे उत्तर वॉचमनच्या निष्काळजीपणात शोधले जाते, पण ते जॉकीत आहे. मोठ्या पाइपजाळ्यात कुठे ना कुठे थेंब गळतोच: एखादा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही, एखाद्या लँडिंग व्हॉल्व्हचा वायसर गेलेला असतो. वीज असते तेव्हा जॉकी दिवसातून चार-सहा वेळा उठून ती तूट भरतो. गुरुवारी पाच तास वीज नसली की जॉकी मेलेला. दाब हळूहळू १०.५ वरून ८.५ ला येतो. तिथे विजेच्या पंपाला बोलावणे जाते, पण त्यालाही वीज नाही. ७.५ ला डिझेल पंप धाडकन सुरू होतो, आग कुठेही नसताना. तो आपोआप बंद होत नाही. तळघर धुराने भरते, बंद व्हॉल्व्हवर फिरत राहिल्याने पंपातले पाणी तापते, रहिवासी घाबरतात. दोन-तीन गुरुवार असे झाले की कोणीतरी सिलेक्टर ‘ऑफ’ करतो, आणि संध्याकाळी तो परत ‘ऑटो’ करायचे कोणाचेच काम नसते.

सोसायटीच्या सभेत नेहमी विचारला जाणारा प्रश्न, “डिझेल पंप आहे ना, मग विजेच्या पंपाला जनरेटर कशाला?” त्याचे एक उत्तर इथेच मिळते. जॉकीला आधार नसला की डिझेल पंप खोट्या हाका खाऊन निकामी होतो. दुसरे उत्तर साधे आहे: जोडपंप हा मुख्य पंप बिघडला तर असतो. वीज गेल्यावर तोच एकमेव पंप उरणार असेल, तर त्याला जोड कुठे राहिली?

१२५ केव्हीए कमी कसा पडला

सोसायटीचा हिशेब असा होता: ७५ किलोवॅटची मोटर, जनरेटर १२५ केव्हीए म्हणजे १०० किलोवॅट, पुरतो. चालू स्थितीपुरते हे खरे आहे. मोटरचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे १३० अँपिअर, म्हणजे ९३ केव्हीए. फसगत होते ती सुरुवातीला.

थेट लाइनवर सुरू केली तर ही मोटर साडेसहापट प्रवाह ओढते, ८४५ अँपिअर, म्हणजे ६०० केव्हीएच्या थोडे वर. स्टारमध्ये त्याच्या एक-तृतीयांश, २८० अँपिअर, म्हणजे २०० केव्हीए. अल्टरनेटरचे, म्हणजे जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाचे, व्होल्टेज किती खचेल याचा ढोबळ अंदाज काढायची रीत सोपी आहे. जनरेटरच्या केव्हीएला त्याच्या ट्रान्झिएंट रिॲक्टन्सने, म्हणजे अचानक आलेल्या भाराला त्याच्या आतून होणाऱ्या अडथळ्याच्या आकड्याने, भागायचे. ०.२ धरला तर १२५ चे ६२५ झाले. मग सुरुवातीचे केव्हीए भागिले सुरुवातीचे केव्हीए अधिक हे ६२५. स्टारसाठी २०० भागिले ८२५, म्हणजे २४ टक्के. लिफ्ट, ब्लोअर आणि पाण्याचे पंप मिळून ७० केव्हीए आधीच चालू होते, म्हणून प्रत्यक्षात २८ च्या जवळ. पॅनलवर दिसलेले ३०० व्होल्ट हेच.

आता मोटरकडे पाहा. जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. स्टारमुळे तो आधीच एक-तृतीयांश झालेला, त्यात व्होल्टेज ७२ टक्के, म्हणजे पुन्हा जवळजवळ निम्मा. सेंट्रिफ्युगल पंप सुरुवातीला हलका असतो, पण वेग वाढतो तसा त्याचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि हायड्रंट उघडा असेल तर अधिकच. सुमारे ८० टक्के वेगाला पंपाची मागणी आणि मोटरचा उरलेला जोर बरोबरीला येतात. मोटर तिथेच अडकते. टायमरला हे कळत नाही. तो आठ सेकंद मोजून डेल्टात टाकतो. ८० टक्के वेगावर डेल्टात टाकणे म्हणजे जवळपास थेट लाइनवर सुरू करणे. ६०० केव्हीए भागिले १,२२५, व्होल्टेज निम्म्यावर. तेवढ्यावर कॉन्टॅक्टरची कॉइल तग धरत नाही.

वीज असताना हाच स्टार्टर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत होता, कारण महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरला २०० केव्हीएचा धक्का किरकोळ असतो. त्यामुळे ‘पंप चालू आहे’ हा फॉर्म बी मधला शेरा खोटा नव्हता. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

टायमर वाढवून बघू, असे इलेक्ट्रिशियन सुचवतात. आठचे पंधरा सेकंद केले तरी मोटर ८० टक्क्यांवरच अडकलेली राहते, फक्त जास्त तापते.

पॅनल उघडल्यावर सापडलेले

फायर पंपाच्या पॅनलमध्ये जास्त भाराला मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले होता, एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर होता आणि कमी व्होल्टेजला सुटणारी (नो-व्होल्ट) कॉइल होती. वापराच्या पाण्याच्या पंपाला हे सगळे योग्य आहे, तिथे मोटर वाचवायची असते. इथे उलटे आहे. इमारत जळत असताना मोटर जळाली तर जळू द्यायची, पण ती आपणहून थांबता कामा नये. राष्ट्रीय इमारत संहितेत फायर पंपाच्या सर्किटचा ब्रेकर नो-व्होल्ट कॉइल काढून बसवावा असे म्हटले जाते ते याचसाठी. अमेरिकेतल्या एनएफपीए २० या फायर पंपांच्या मानकात याहून पुढचे आहे: संरक्षण फक्त रोटर पूर्ण अडकल्याचे, आणि तेही सहापट प्रवाहावर ८ ते २० सेकंदांनंतर सुटेल असे. आपल्याकडे पॅनल बनवणारा दुकानदार नेहमीचाच आराखडा काढून देतो आणि दार लाल रंगवतो.

खरा धोका मात्र मीटर रूममध्ये होता. फायर पंपाची केबल कॉमन मीटरच्या मेन ब्रेकरनंतर घेतलेली होती. आग लागली की अग्निशमन दलाचा पहिला निरोप असतो, इमारतीची वीज बंद करा. वॉचमन मेन ब्रेकर खाली ओढतो, आणि लाइट-लिफ्टबरोबर फायर पंपही मरतो. मग जनरेटर? वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू करणारा त्याचा एएमएफ पॅनल वीज आहे की नाही हे मेन ब्रेकरच्या अलीकडे, म्हणजे महावितरणच्या बाजूला पाहत होता. तिथे वीज होतीच. त्याच्या दृष्टीने सगळे ठीक, त्यामुळे जनरेटर सुरूच होणार नव्हता. गुरुवारी हा दोष दिसला नसता. तो दिसला असता फक्त आगीच्या रात्री.

केबलचीही एक गोष्ट. गच्चीच्या बूस्टरला आणि पंपघराला जाणारी केबल एफआरएलएस होती, आणि कमिटीचा समज असा की ती आगीत टिकते. एफआरएलएस केबल आग पसरवत नाही आणि धूर कमी करते. आगीत सापडली तर तिचे इन्सुलेशन वितळते आणि सर्किट जाते. चालू राहणारी केबल वेगळी. तिला फायर सर्व्हायव्हल केबल म्हणतात. तिच्यासाठी आयएस १७५०५ आहे, आणि ब्रिटिश बीएस ६३८७ ची ‘सीडब्ल्यूझेड’ ही खूण बाजारात दिसते. त्यातल्या सी चाचणीत ९५० अंशांना तीन तास सर्किट अखंड राहावे लागते. डब्ल्यू पाण्याच्या फवाऱ्याची, झेड ठोक्यांची.

संहिता काय मागते

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६, भाग ४ मध्ये आणीबाणीच्या विजेची यादी आहे आणि तिची सुरुवात फायर पंपांपासून होते. पुढे जिन्यातला दाब राखणारे पंखे, धूर काढणारी यंत्रणा, फायरमनच्या लिफ्टसह सगळ्या लिफ्ट, बाहेर पडायच्या खुणा, आणीबाणीचे दिवे, अलार्म, ध्वनिक्षेपक. नेहमीची वीज आणि जनरेटर असे दोन स्रोत चेंजओव्हरसह हवेत. त्यात एक वाक्य असे आहे की या प्रकरणाचा निकाल तिथेच लागतो: जनरेटरने या सर्व यंत्रणांचा सुरुवातीचा प्रवाह पेलला पाहिजे. चालू भार नव्हे, सुरुवातीचा प्रवाह. वेगळ्या ग्रिडवरच्या वेगळ्या उपकेंद्रातून दुसरी जोडणी असेल, तर प्राधिकरणाशी बोलून जनरेटरमधून सूट मिळू शकते. पण एका निवासी सोसायटीला दोन ग्रिड कोण देणार? शिवाय १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई महानगर भागाची वीज सकाळी एकदमच गेली तेव्हा वेगवेगळ्या वितरण कंपन्यांचे ग्राहक एकाच वेळी अंधारात होते.

पंपघरात दुसरे कुठलेही यंत्र नको, भिंती आणि दरवाजे १२० मिनिटे आग रोखणारे हवेत, आणि पंपाला सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू चढवून मोटर सुरू करणारा) किंवा व्हीएफडी (वारंवारता बदलून मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा) असावा, हेही तिथेच आहे. शेवटचा मुद्दा या प्रकरणात फार कामाचा ठरला.

पर्याय कसे चाळले

आधी आगीच्या वेळी एकत्र लागणारा भार मांडला. मुख्य पंप ९३ केव्हीए, जॉकी १०, गच्चीचा बूस्टर १५, फायरमनची लिफ्ट १८, जिन्याचा पंखा २०, दिवे आणि अलार्म ४. बेरीज १६०. म्हणजे सुरुवातीचा धक्का बाजूला ठेवला तरी १२५ केव्हीए मुळातच अपुरा होता. आहे तो जनरेटर ठेवून नुसता स्टार्टर बदलायचा, हा स्वस्त मार्ग इथेच बाद झाला.

दुसरा पर्याय व्हीएफडी. मोटर सुरू होताना लाइनवरून पूर्ण भाराहून जास्त प्रवाह जातच नाही, त्यामुळे जनरेटरला सर्वात सोपे. पण दमट तळघरात इलेक्ट्रॉनिक पेटी, तिला बायपास लावावाच लागतो, आणि बायपास थेट लाइनचा असेल तर जनरेटरचा प्रश्न जसाच्या तसा परत येतो. पंपघर वर, कोरडे आणि हवेशीर असेल तर व्हीएफडीला नाही म्हणू नये. या तळघरात मात्र तो नाकारणेच योग्य.

निवडला गेला सॉफ्ट स्टार्टर, प्रवाहाची मर्यादा तिप्पट. म्हणजे ३९० अँपिअर, २८० केव्हीए. स्टारच्या २०० पेक्षा हे जास्त आहे आणि कमिटीतल्या एका इंजिनिअर सभासदाने ते बरोबर पकडले. फरक असा की सॉफ्ट स्टार्टरमध्ये मधेच तोडून पुन्हा जोडणे नाही. वेग वाढतो तसे व्होल्टेज वाढत जाते आणि शेवटच्या टप्प्यात मोटरला पूर्ण जोर मिळतो, त्यामुळे ती ८० टक्क्यांवर अडकत नाही आणि ६०० केव्हीएचा दुसरा धक्का बसत नाही. मर्यादा अडीचपटीवर आणू नये. जोर इतका कमी होतो की व्होल्टेज चढवायची ठरलेली वेळ (रॅम्प) संपते आणि मोटर अर्ध्या वाटेतच राहते.

२८० केव्हीएला जनरेटर किती मोठा हवा? एनएफपीए २० मध्ये सुरू होताना कंट्रोलरच्या टोकाशी व्होल्टेज १५ टक्क्यांहून जास्त खचू नये अशी मर्यादा आहे. तीच धरली. २५० केव्हीए आणि रिॲक्टन्स ०.२ असेल तर १८ टक्के येतात, नापास. ३२० केव्हीए घेतला तर १४.९, जेमतेम पास. तिसरी वाट अशी: इंजिन २५० केव्हीएचेच, पण अल्टरनेटर एक माप मोठा, ज्याचा रिॲक्टन्स २५० केव्हीएच्या आधारावर ०.१५ च्या आत येतो. मग १४.४ टक्के. इंजिनापेक्षा अल्टरनेटर वाढवणे बरेच स्वस्त, आणि रोजच्या कमी भारावर मोठे इंजिन कुढत चालत नाही. ऑर्डरमध्ये नुसते ‘२५० केव्हीए’ न लिहिता मोटरचा सुरुवातीचा केव्हीए, सॉफ्ट स्टार्टरची मर्यादा आणि १५ टक्क्यांची अट लिहावी, आणि विक्रेत्याकडून खचण्याचा हिशेब सहीनिशी घ्यावा. हे न केल्यास जो माल गोदामात पडलेला असतो तोच दारात येतो.

काम करताना

फायर पंपासाठी महावितरणकडून वेगळी जोडणी घेतली. केबल बाहेरच्या फीडर पिलरपासून स्वतंत्र, मीटर रूमला न शिवता जमिनीखालून पंपघरात. आता इमारतीचा मेन ब्रेकर ओढला तरी पंपाची वीज जात नाही. या ‘फायर मीटर’ची एक कटकट असते. युनिट शून्य पण स्थिर आकार दर महिन्याला. बिल कोणाच्या नजरेत येत नाही, थकते, आणि एक दिवस जोडणी तुटते. म्हणून ते बिल कॉमन मीटरच्या बिलाबरोबर एकाच दिवशी भरायचे असे ठरवले.

चेंजओव्हर आता आपोआप बदलणारा, फक्त फायर पंपासाठी, आणि तो जनरेटरजवळ न ठेवता पंपघरात. त्यामुळे दोन्ही केबली वेगवेगळ्या वाटांनी पंपाच्या दारापर्यंत येतात. एक वाट जळाली तरी दुसरी उरते. वीज आहे की नाही हे तो स्वतःच्याच टोकावर पाहतो आणि तिथून जनरेटरला सुरू होण्याचा निरोप जातो. हा निरोप उलट्या पद्धतीचा ठेवला: रिले नेहमी ओढलेला, वीज गेली की सुटतो आणि सुटला की जनरेटर सुरू. निरोपाची वायर आगीत तुटली तरी परिणाम एकच, जनरेटर सुरू होतो. साध्या पद्धतीत वायर तुटली की निरोप पोचतच नाही.

वीज परत आल्यावर घाई नको. मोटर फिरत असताना एका स्रोतावरून दुसऱ्यावर झटकन टाकली तर तिच्यातले उरलेले व्होल्टेज आणि नव्या लाइनचे व्होल्टेज उलट फेजमध्ये भेटू शकते. मोठा झटका बसतो, कपलिंगच्या पिना तुटतात, ब्रेकर पडतो. म्हणून मधल्या स्थितीत दोन सेकंद थांबायचे, आणि पंप चालू असेपर्यंत आपोआप परत फिरायचेच नाही.

केबल ९० मीटर, तांब्याची ७० चौरस मिलिमीटरची फायर सर्व्हायव्हल. चालू भाराला सुमारे ७ व्होल्ट घट, सुरू होताना १२ च्या आत. जनरेटरच्या १४.४ टक्क्यांवर ही भर पडतेच, म्हणून केबल एक माप लहान घेण्याचा मोह टाळला. ओव्हरलोड रिले आता फक्त अलार्म देतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि कमी व्होल्टेजची कॉइल काढली. फेजचा क्रम उलटा झाला तर पंप उलटा फिरेल, म्हणून तो दाखवणारा दिवा ठेवला आणि जोडणीच्या दिवशी दोन्ही स्रोतांवर मोटरची दिशा डोळ्यांनी पाहिली. जनरेटरच्या बाजूला क्रम उलटा राहणे ही नेहमीची चूक आहे. पंप फिरतो, आवाज येतो, दाब मात्र अर्धाही होत नाही.

जॉकी जनरेटरवर घेतला. तीन हजार रुपयांच्या वायरने जेवढे साधते तेवढे मोठ्या खरेदीनेही साधत नाही, त्याचे हे उदाहरण. डिझेल पंपाचे खोटे सुरू होणे त्या आठवड्यापासून थांबले.

भाराचा क्रम: जनरेटरचे व्होल्टेज स्थिर झाले की आधी फायर पंपाची बाजू, वीस सेकंदांनी लिफ्ट, मग जिन्याचा पंखा, दिवे. मुख्य पंप चालू झाल्याचा निरोप मिळताच पाण्याचे पंप, ब्लोअर आणि क्लबहाऊस आपोआप सुटतात.

डिझेलचा हिशेब लोकांना वाटतो त्याहून सोपा आहे. पंप भर प्रवाहाला चालला तर ७५,००० लिटर पाणी ३३ मिनिटांत संपते. पुढे दलाच्या गाड्या टाकी भरत राहिल्या तरच पंपाला काम. पण जनरेटरवर लिफ्ट आणि पंखेही आहेत, म्हणून एनएफपीएचा आठ तासांचा दंडक धरला. नुसत्या फायर पंपाला तासाला २२ लिटरच्या आसपास जाते, सगळ्या आणीबाणीच्या भाराला ४० च्या आत. ३२० लिटरची खूण टाकीवर लाल रंगाने मारली, त्याखाली गुरुवारसाठी तेल वापरायचे नाही.

१ जुलै २०२३ पासूनच्या सीपीसीबी ४ प्लस या प्रदूषण नियमांमुळे या मापाच्या नव्या जनरेटरांना बहुधा डीईएफ, म्हणजे धूर शुद्ध करायला वेगळ्या टाकीत भरायचे द्रव, लागते. ते संपत आले की इंजिनचा कंट्रोलर ताकद कमी करतो का, किती वेळाने, आणि आणीबाणीत ते टाळायची सोय आहे का, हे खरेदीआधी लेखी विचारावे. डिझेल पाहणारा वॉचमन डीईएफची टाकी पाहत नाही.

दुसरी चाचणी

पुन्हा गुरुवार निवडला. वीज गेल्यावर अकराव्या सेकंदाला चेंजओव्हर फिरला. टेस्ट लाइनचा व्हॉल्व्ह उघडून दाब खाली आणला, पंप ८.५ ला उठला. सर्वात खाली गेलेले व्होल्टेज ३५६, वारंवारता ४८.३, पूर्ण वेगाला नऊ सेकंद. २,२८० लिटरला दाब ९.४ किलो. ३,४२० लिटरला ६.३, मर्यादा ६.२ ची. त्या वेळी मोटरचा प्रवाह १०३ अँपिअर. मग वीज असताना मेन ब्रेकर मुद्दाम ओढला. पंप चालूच राहिला. शेवटी फायर मीटरची वीजही बंद केली, पंप थांबला, जनरेटर आला आणि पंप कोणी हात न लावता पुन्हा उठला. दाब कमी असेपर्यंत प्रेशर स्विच बंदच राहतो, म्हणून हे होते. पॅनल बटणाच्या होल्डवर चालत असेल, म्हणजे एकदा सुटल्यावर बटण पुन्हा दाबावे लागत असेल, तर पंप दुसऱ्यांदा उठत नाही, आणि ही चाचणी न केल्यास ते कळतही नाही.

आता दर आठवड्याला विजेचा पंप दहा मिनिटे आणि डिझेल पंप तीस मिनिटे, महिन्यातून एका गुरुवारी जनरेटरवर भरासकट. रिकामा फिरवलेला जनरेटर फक्त काजळी साठवतो. बॅटरीचे व्होल्टेज उभ्याने न मोजता सेल्फ मारताना मोजायचे. १२ व्होल्टची बॅटरी त्या क्षणी ९.६ च्या खाली गेली तर त्याच आठवड्यात बदलायची. दोन्ही पॅनलचे सिलेक्टर ‘ऑटो’त आहेत हे रात्रपाळीचा वॉचमन येताच वहीत लिहितो, आणि सिलेक्टर हलला की सुरक्षा केबिनमध्ये बझर वाजतो.

गच्चीच्या बूस्टरची केबल अजून जुनीच आहे. तिला डक्टमधून वर जायचे आहे, त्याच डक्टमध्ये घराघरांच्या केबली आहेत, आणि संहितेला अपेक्षित असलेली वेगळी वाट काढायला प्रत्येक मजल्यावर स्लॅबला छिद्र पाडून ते आग रोखणाऱ्या मसाल्याने बुजवावे लागेल. ते काम दिवाळीनंतर धरले आहे. तोवर जनरेटरच्या यादीत गच्चीच्या पंपापुढे ‘आधार नाही’ असे पेनने लिहून ठेवले आहे, आणि जानेवारीच्या फॉर्म बी साठी येणाऱ्या एजन्सीला तोच कागद दाखवायचा आहे.